व्हरमाँटच्या खेड्यात पहिलं थँक्सगिव्हिंग: टर्कीपासून घारग्यांपर्यंत

ऑक्टोबर संपत आला की इथे नव्याने आलेल्या कुठल्या तरी मराठी घरातून मला फोन येतोच. ताई, यंदा थँक्सगिव्हिंगला आम्ही सगळ्यांना आमच्याकडेच बोलवलंय, टर्की कुठून आणायची, ती कापायची कशी, आणि सासूबाई शाकाहारी आहेत त्यांचं काय करायचं. दरवेळी तेच तासभर सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते. मी मूळची कोल्हापूरची, पाच वर्षं न्यू जर्सीत काढली आणि आता बरीच वर्षं अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हरमाँट राज्यातल्या एका खेड्यात राहते, जिथे मेनरोडवरून आमच्या घरापर्यंत दोन मैल कच्चा रस्ता आहे. थँक्सगिव्हिंग म्हणजे इथला आभार मानायचा सण, टर्की हा कोंबडीपेक्षा बराच मोठा पक्षी भाजून सगळ्यांनी एकत्र जेवायचा. न्यू जर्सीत तो करणं आणि इथे करणं यात फार फरक आहे, तिकडे धणेपूड संपली तर दहा मिनिटांत मिळते, इकडे इंडियन ग्रोसरी गाठायला माझा अख्खा दिवस जातो. म्हणून इथे रेसिपीपेक्षा प्लॅनिंगला जास्त महत्त्व.

आधी इथला नोव्हेंबर कसा असतो ते ऐका. पानांचे रंग बघायला येणारे टुरिस्ट ऑक्टोबरच्या मध्यालाच परत गेलेले असतात, झाडांवर नुसत्या काटक्या उरतात, आणि बर्फ अजून धड पडलेला नसतो. या दिवसांना इथले लोक स्टिक सीझन म्हणतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो. हे मी कौतुकाने सांगत नाहीये, जेवणाची वेळ यावरच ठरते. पाहुण्यांना रात्री आठला जेवायला बोलवायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. दुपारी दोन-अडीचला पानं वाढा, म्हणजे लांबचे लोक निदान संधिप्रकाशात तरी पक्क्या रस्त्याला लागतील. नोव्हेंबर हा हरणांच्या माजाचा काळ असतो आणि संध्याकाळी ती गाडीसमोर कशी येतात ते एकदा बघितलं की पुन्हा कुणाला उशिरापर्यंत थांबवायची हिंमत होत नाही.

तारीख आणि पाहुणे (तीन-चार आठवडे आधी)

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतं. लिंकनने १८६३ मध्ये शेवटचा गुरुवार ठरवला होता, पुढे १९४१ च्या कायद्याने चौथा पक्का झाला, त्यामुळे पाच गुरुवार आले तर शेवटचा धरू नका. कॅनडातल्या नातेवाइकांचं मात्र ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारीच होऊन जातं, माझ्या टोरांटोच्या मावसबहिणीने एकदा मला दीड महिना आधी हॅपी थँक्सगिव्हिंगचा मेसेज टाकला आणि मी घाबरून कॅलेंडर बघितलं.

आणखी एक कॅलेंडर बघायचं ते आपलं. गुरुवार म्हटल्यावर मार्गशीर्षातला गुरुवार निघू शकतो. दरवर्षी असं होत नाही, पण २०२५ मध्ये २७ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग होतं आणि तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता, म्हणजे घरात महालक्ष्मीचा घट मांडलेला आणि ओव्हनमध्ये टर्की. आमच्याकडे त्या वर्षी टर्की सरळ शुक्रवारी केली. कुणाचंही काही बिघडलं नाही, उलट अमेरिकन शेजारी म्हणाले की त्यांना दोन दिवस मेजवानी मिळाली. ज्यांच्याकडे वार पाळतात त्यांनी आधीच ठरवा, आदल्या रात्री वाद नको.

पाहुण्यांना तीन गोष्टी विचारा. शाकाहारी कोण, झोपायला किती जण, आणि अ‍ॅलर्जी कुणाला. ही तिसरी गोष्ट आपण विसरतो. आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचं कूट कुठे कुठे जातं याचा आपल्यालाच पत्ता नसतो, आणि इथे शाळेत जाणाऱ्या मुलांमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी अजिबात नवलाची नाही. एखादा छोटा पाहुणा तसा असेल तर त्या दिवशी कूट घरात काढूच नका, वेगळा चमचा वगैरेवर भागवू नका.

अमेरिकन पाहुणे विचारणार, काय आणू? आपण संस्काराने म्हणतो, काही नको हो, फक्त या. हे चूक आहे. त्यांना खरंच काहीतरी आणायचं असतं आणि काही नको म्हटलं की ते बिचारे गोंधळतात. नेमकं सांगा, तुम्ही अ‍ॅपल पाय (सफरचंदाचं सारण भरून भाजलेला इथला गोड पदार्थ) आणा, तुम्ही रोल्स आणा, तुम्ही सायडर आणा. (इथे नुसतं सायडर म्हणजे दारू नसलेला सफरचंदाचा गढूळसर रस. दारूवाल्याला हार्ड सायडर म्हणतात. साध्या सायडरमध्ये आलं, दालचिनी, दोन लवंगा घालून मंद उकळत ठेवा, काढ्याची सवय असलेल्या माणसाला लगेच आवडतं.)

बाहेरून येणाऱ्यांना रस्त्याबद्दल स्वतः फोन करून सांगा. व्हरमाँटमध्ये क्लास फोर नावाचे रस्ते असतात, नकाशावर दिसतात पण हिवाळ्यात त्यांवरचा बर्फ काढत नाहीत, आणि जीपीएस खुशाल त्यावरून नेतं. शेवटच्या पाच मैलांत फोनला रेंज नसते. मी सरळ लिहून पाठवते, लाल कोठार दिसलं की डावीकडे, पूल लागला तर तुम्ही चुकलात.

टर्की (ही ऑर्डर सगळ्यात आधी)

दोन मार्ग आहेत. जवळच्या फार्मवरून ताजी, नाहीतर सुपरमार्केटमधली फ्रोझन. फार्मवाल्यांकडे ऑक्टोबरमध्येच नाव नोंदवावं लागतं आणि त्या आठवड्यात त्यांनी सांगितलेल्या दिवशी जाऊन आणावी लागते. महाग पडते, बरीच महाग. पहिल्या वर्षी फ्रोझनच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, चुकलात तर हळहळ कमी. माणशी एक ते दीड पाउंड धरा. आठ-दहा जणांना बारा पाउंडांची, म्हणजे साधारण साडेपाच किलोची, पुरते कारण आपल्या लोकांत अर्धे जण चव बघण्यापुरतीच घेतात. वीस पाउंडांच्या टर्कीच्या मोहात पडू नका, ती फ्रीजमध्येही मावत नाही.

आता फ्रोझनचं गणित. फ्रीजमध्ये वितळायला दर चार-पाच पाउंडांना पूर्ण एक दिवस लागतो, म्हणजे बारा पाउंडांना तीन दिवस. म्हणून रविवारी दुपारीच ती फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात, एका खोल ट्रेमध्ये ठेवा. माझ्या पहिल्या वर्षी मी मंगळवारी रात्री काढली आणि गुरुवारी सकाळी आत हात घातला तर बर्फाचा गोळा. असं झालंच तर वेष्टणासकट थंड पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला, पाउंडाला अर्धा तास. ओट्यावर उघडी ठेवून वितळवू नका, घर कितीही गार असलं तरी.

आणि ती धुवायची नाही. माहीत आहे, चिकन धुतल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, माझी आई ऐकूनच किंचाळली होती, पण धुतल्याने कच्च्या मांसातले जंतू सिंकभर उडतात आणि इथलं कृषी खातंही धुऊ नका असंच सांगतं. कागदी टॉवेलने कोरडी करा. तेवढ्यात पोटात आणि मानेकडे दोन्ही बाजूंनी हात घालून आतली पिशवी काढा, तिच्यात काळीज, पेटा, मान असं ठेवलेलं असतं. माझ्या पहिल्या टर्कीबरोबर ती पिशवी पण भाजली गेली होती, पाहुण्यांसमोर कापताना कळलं.

मसाल्याचं सांगते. लोक तंदुरी चिकनसारखं दही लावतात, मी पण लावलं, कातडी मऊ पडते आणि टर्कीला कातडी कुरकुरीत हवी. गोडा मसाला वरून चोळला तर त्यातलं खोबरं आणि तीळ तीन तासांत जळून कडू होतात. म्हणून मसाला कातडीच्या खाली. बुधवारी दुपारी शंभर-दीडशे ग्रॅम मऊ लोण्यात आलं-लसूण, दोन चमचे कांदा-लसूण मसाला किंवा गोडा मसाला, लिंबाची किसलेली साल कालवा, छातीवरची कातडी बोटांनी हलकेच सोडवून आत पसरवा. वरून फक्त मीठ आणि मिरी. मीठ मात्र वेष्टणावर वाचून. बऱ्याच फ्रोझन टर्कींना मिठाचं पाणी आधीच टोचलेलं असतं, तसं लिहिलेलं असेल तर वरून अगदी थोडं. फार्मची असेल तर दर पाच पाउंडांना एक टेबलस्पून जाडं कोशर मीठ, बारीक असेल तर त्याच्या निम्मं. मग रात्रभर फ्रीजमध्ये उघडीच ठेवा, कातडी सुकते.

एक मीट थर्मामीटर घ्या. पंधरा-वीस डॉलरची ही वस्तू सगळ्या मसाल्यांपेक्षा जास्त कामाची आहे. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, १६५ फॅरनहाइट म्हणजे ७४ सेल्सियस दिसलं की झालं, छातीत पण एकदा बघा. अंगणात तेलात टर्की तळायचे व्हिडिओ बघून नवऱ्याला उत्साह येईल. लाकडी पोर्चवर अजिबात नाही, अर्धवट गोठलेली टर्की उकळत्या तेलात टाकली की भडका उडतो आणि खेड्यातलं फायर डिपार्टमेंट म्हणजे स्वतःच्या जेवणावरून उठून आलेले शेजारीच असतात.

शाकाहारी पान

इथे सगळे फसतात. भाज्या भरपूर आहेत ना टेबलावर, असं वाटतं, पण स्टफिंगमध्ये चिकनचा रस्सा असतो, ग्रेव्ही तर टर्कीचीच, रताळ्यावर जे मार्शमेलो लावतात त्यात जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेलं जिलेटिन, आणि कुणी आणलेल्या पायच्या कडेत कधीकधी डुकराची चरबी. सासूबाईंना विचारून वाढा, किंवा माझ्यासारखं करा, प्रत्येक भांड्यासमोर छोटी चिठ्ठी. अमेरिकन लोकांनाही ते आवडतं कारण त्यांना तरी कुठे माहीत असतं घारगे म्हणजे काय.

शाकाहारी माणसाला नुसत्या साइड डिशेसवर ठेवू नका, त्याच्याही पानात मधोमध ठेवण्यासारखं काहीतरी हवं. मी एकॉर्न स्क्वॉश (भोपळ्याच्याच जातीतले छोटे भोपळे) करते, या दिवसांत शेतांच्या कडेला टेबलावर मांडलेले असतात, पैसे डब्यात टाकायचे आणि घेऊन जायचे. कापायला दगडासारखे असतात, म्हणून आधी दोन-चार ठिकाणी टोचून दोन मिनिटं मायक्रोवेव्ह करा, मग अर्धे करून बिया काढा, तेल-मीठ लावून ४०० फॅरनहाइटला पाऊण तास पालथे भाजा. आत मसालेभात भरा, वर ओलं खोबरं, कोथिंबीर. फ्रोझन खोबरं चालतं. मी तर म्हणेन टर्कीपेक्षा हेच आधी संपतं.

स्टफिंग म्हणजे काय असं विचारतात. फोडणीचा पाव हो, दुसरं काही नाही. शिळा पाव, कांदा, सेलरी, सेज नावाची सुगंधी पानं, लोणी, आणि ओव्हनमध्ये वरून खरपूस. टर्कीच्या पोटात भरू नका, वेगळ्या ट्रेमध्ये व्हेजिटेबल ब्रॉथ घालून करा, म्हणजे सगळ्यांना खाता येतं. मॅश्ड पोटॅटो मुलांसाठी साधेच ठेवा, त्यात हिरवी मिरची घालायचा मोह आवरा.

व्हरमाँटची एक खास भाजी आहे, गिलफेदर टर्निप, वॉर्ड्सबरो गावची, २०१६ पासून राज्याची अधिकृत भाजी. दिसायला ओबडधोबड, आत पांढरी, थंडी पडली की गोड होते. इथले लोक लोण्यात कुस्करतात. मी नवलकोलासारखी डाळ घालून करते, मिळाली तर करून बघा, नाही मिळाली तर काही अडत नाही.

आपल्या हातचं काय ठेवायचं

सगळं आपलं करू नका आणि सगळं त्यांचंही करू नका. दोन पदार्थ मी कधीच सोडत नाही.

एक, क्रॅनबेरीचा मेथांबा. कैरी नसते पण क्रॅनबेरीची ३४० ग्रॅमची पिशवी सगळीकडे मिळते आणि आंबटपणाला ती करवंदाच्या वरताण. दोन चमचे तेलात मोहरी, अर्धा चमचा मेथ्या तांबूस होईपर्यंत, हिंग, हळद, मग क्रॅनबेरी आणि अगदी थोडं पाणी. त्या फुटायला लागतात तसा फटफट आवाज येतो, झाकण ठेवा नाहीतर ओटा लाल. पाच-सात मिनिटांनी तिखट, मीठ, वाटीभर गूळ. गूळ संपला असेल तर मेपल सिरप, इथे ते कुठल्याही घरात असतंच. पातळ वाटलं तरी उतरवा, गार झाल्यावर आपोआप घट्ट होतो. सोमवारी करून ठेवला तरी चालतो, मुरल्यावर आणखी छान. (फोडणी करताना खिडकी उघडा आणि एक्झॉस्ट लावा. इथले स्मोक अलार्म मेथ्यांना फार घाबरतात.)

दुसरे घारगे. डब्यातला भोपळा घ्या, ४२५ ग्रॅमचा, पण डब्यावर नीट वाचा, नुसता भोपळा हवा, पाय मिक्स नको, दोन्ही डबे जुळ्या भावांसारखे शेजारी शेजारी असतात आणि पाय मिक्समध्ये साखर, दालचिनी सगळं आधीच असतं. डब्यातला गर पाणचट असतो म्हणून गुळाबरोबर आटवून घ्या, घट्ट झाला की चिमूटभर मीठ, जायफळ, वेलची, आणि गार झाल्यावर मावेल तेवढी कणीक, दोन चमचे तांदळाची पिठी. पाणी घालायचं नाही. जाडसर थापून बुधवारीच तळून ठेवा. भोपळ्याच्या पायशेजारी ठेवले की अमेरिकन लोकांना लगेच कळतं हे कुठल्या घराण्यातलं आहे. गोडाला आणखी काही हवं असेल तर ग्रीक योगर्ट रात्रभर फडक्यात टांगा आणि श्रीखंड करा. आणि दिवाळीतल्या चकल्या, चिवडा उरला असेल तर तोच स्टार्टर.

आठवडा कसा काढायचा

शनिवारी एकदाच लांबची सगळी खरेदी. बुधवारी दुपारनंतर दुकानांत तुडुंब गर्दी असते, आणि गुरुवारी दुकानं बंद धरूनच चाला. कोथिंबीर, मिरच्या, कढीपत्ता शनिवारी आणून कागदात गुंडाळून ठेवा.

हवामान बघत रहा. वादळ किंवा ओला बर्फ सांगितला असेल तर बादल्या आणि बाथटब भरून ठेवा. शहरातून आलेल्यांना हे माहीत नसतं, खेड्यात पाणी स्वतःच्या विहिरीचं, पंप विजेवर, वीज गेली की नळही गेले. दहा पाहुणे आणि फ्लशला पाणी नाही ही वेळ आमच्यावर आलेली आहे, तेव्हापासून दोन बादल्या कायम भरलेल्या. लाकडाच्या स्टोव्हशेजारी सुकी लाकडं आधीच आणून ठेवा, राख काढलीत तर लोखंडी बादलीतच.

पाहुणे आले की त्यांना जेवणाआधी फिरायला जायचं असतं, हवा छान आहे म्हणतात. जाऊ द्या, पण नारिंगी जॅकेट किंवा टोपी घालूनच. रायफलने हरणांच्या शिकारीचे सोळा दिवस थँक्सगिव्हिंगच्या बारा दिवस आधीच्या शनिवारी सुरू होतात आणि नंतरच्या रविवारी संपतात, म्हणजे सण अगदी मध्येच. माझ्याकडे दाराशी सहा नारिंगी बनियनं टांगलेली आहेत, कुत्र्याचं एक धरून.

गुरुवार

अडीचला जेवण धरून उलटं मोजा. साडेनऊला टर्की फ्रीजबाहेर, दहाला ओव्हन ३२५ फॅरनहाइटला, साडेदहाला आत. बारा पाउंडांच्या टर्कीला पावणेतीन ते तीन तास लागतात. छाती फार लाल व्हायला लागली तर वर फॉइल टाका. पाऊण वाजता पहिलं माप घ्या, साधारण दीडला निघते. मग तिला अर्धा तास तशीच राहू द्या, कापायची घाई नको नाहीतर सगळा रस पाटावर. हा अर्धा तास सोन्याचा आहे कारण ओव्हन रिकामा झाला, त्यात स्टफिंग, स्क्वॉश, रोल्स सगळं एकदम गरम होतं. तेवढ्यात ट्रेमधल्या रसाची ग्रेव्ही करा, शाकाहारी ग्रेव्ही मशरूमची आदल्या दिवशीच. कापण्याचं काम नवऱ्याला द्या आणि किचनमध्येच करायला लावा, टेबलावर सगळ्यांसमोर कापणं सिनेमात बरं दिसतं.

जेवायच्या आधी काही घरांत प्रत्येक जण एकेक वाक्य बोलतो, कशाबद्दल आभारी आहे ते. आपल्याला संकोच वाटतो. आमच्याकडे सासऱ्यांनी पहिल्या वर्षी वदनी कवळ घेता म्हटलं आणि तेव्हापासून शेजारची मुलंच तो श्लोक मागतात. आणि मुलांना १६२१ साली प्लिमथला इंग्लंडहून आलेल्या लोकांनी केलेल्या मेजवानीची, म्हणजे पहिल्या थँक्सगिव्हिंगची गोष्ट सांगणार असाल तर तिथल्या मूळ रहिवाशांची, वाम्पानोआग लोकांची पण सांगा, त्यांच्यापैकी अनेक जण १९७० पासून याच दिवशी प्लिमथला शोकदिन पाळतात.

उरलेलं

दोन तासांच्या आत मांस हाडांवरून काढून फ्रीजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. पाहुण्यांना डबे भरून द्या. सांगाडा मोठ्या पातेल्यात, कांदा, आलं, मिरी घालून तीन तास मंद, आणि शुक्रवारी त्या पाण्याचा पांढरा रस्सा, नारळाचं दूध, खसखस, काजू, पांढरी मिरी. कोल्हापूरकरांनो, मटणाची सर नाही येत, पण बाहेर बर्फ भुरभुरत असताना दोन वाट्या सहज जातात. तांबडा करायचा असेल तर मांसाचे तुकडे शेवटीच टाका, आधीच भाजलेलं असतं, पुन्हा उकळलं की दोरखंड.

उकळून झालेली हाडं बाहेर कंपोस्टमध्ये टाकू नका, अस्वलं अजून झोपलेली नसतात. व्हरमाँटमध्ये २०२० पासून उरलंसुरलं अन्न कचऱ्यात टाकायला बंदी आहे, पण घरी कंपोस्ट करणाऱ्यांना हाडं-मांस कचऱ्यात टाकायची सूट आहे. पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि शनिवारी डंपला जाताना घेऊन जा. पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा मात्र, आमच्याकडे एकदा ती जानेवारीपर्यंत राहिली आणि नवऱ्याने मटण समजून वितळायला काढली.